पाचवी ओळ

सोहारच्या ह्या गल्लीत बलदियेचे साहेब
मला चेहऱ्याने कमी, कापडाने जास्त ठाऊक.
डिशदाशाच्या गळ्याशी लोंबणाऱ्या गोंड्याला
ज्याच्या उदाचा वास, तो परवान्यांचा;
ज्याच्या खिशात निळी शाई गळते, तो दंड वसूल करणारा.
सव्वीस वर्षं ह्यांच्या सुरकुत्या मोडतोय मी,
जगबुडीच्या काठचा इस्माईल हुर्जुक,
आणि त्यांच्याशी बोललोय ते इतकंच :
उद्या संध्याकाळी मिळेल, साहेब.

जुलैत कुन्हमूच्या कॅफेटेरियाचा पोरगा
बिर्याणीचे दोन डबे घेऊन निघालेला
माझ्या दारात मोटारसायकलसकट आडवा झाला.
इस्त्रीच्या टेबलावरचं ओलं फडकं
त्याच्या कपाळावर ठेवलं, तर तेही लगेच तापलं.
डबे शाबूत होते.
फोन वाजत होता त्याचा. गिऱ्हाईक विचारत होतं,
किती मिनिटं?

पोरगा वाचला. पण मग झुलेखाबाईच्या रोटीच्या दुकानात
तंदूर विझल्यावर आम्ही बसू लागलो.
तिची रय्या अरबीत लिहायची,
आम्ही आपापल्या मोडक्या भाषेत भर घालायचो.
दुपारी साडेबारा ते साडेतीन डिलिव्हरी नाही.
कोपऱ्यावर छप्पर, पाण्याचा नळ.
पगार बँकेतून, सात तारखेच्या आत.
जे दुकान हे मोडेल, त्याला दंड.
म्हणजे आम्हालाच.

मूळजीशेठ हसले : लोक सरकारकडे सूट मागतात,
तुम्ही बेडी मागताय.
आपल्याच पायावर कुऱ्हाड, तीही अर्ज करून!
बॅटरीवाला गुल रहमान बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला, मी एकट्याने बंद ठेवलं
तर समोरचा चालू ठेवतो.
सगळ्यांनाच बंद करायला लावा,
म्हणजे मलाही चांगला माणूस होता येईल.

रय्याने पाचवी ओळ वाचली.
मालकाने कुणाचाही पासपोर्ट आपल्याजवळ ठेवू नये.
एक प्रत मस्कतला, मंत्रालयात.
पेन माझ्यापर्यंत आलं होतं.
मी म्हटलं, चष्मा दुकानात राहिला.

चष्मा खिशातच होता.
दुकानात होता तो ड्रॉवर,
आणि त्यात सुट्या बटणांच्या डब्याखाली
खिमलालचा पासपोर्ट, सहा वर्षं.
सांभाळून ठेवलाय, म्हणायचो मी.
माझाही अकरा वर्षं अरबाबाने सांभाळला होता, तिजोरीत.
रात्री उठून मी त्यातला माझा फोटो आठवायचो,
मिशा होत्या की नव्हत्या.

खिमलाल कुणाच्या तरी लग्नाचा बिश्त इस्त्री करत होता.
पासपोर्ट त्याच्यापुढे ठेवला.
त्याने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं,
आणि हळूच विचारलं :
सेठ, काढून टाकताय का मला?

नाही रे, म्हणायला
मला जीभ सापडेना.

बऱ्याच वेळाने त्याला पटलं.
मग म्हणाला, खोलीत आम्ही आठजण,
कपाटाला कडी नाही, उंदीर आहेत.
इथेच राहू दे की. ड्रॉवर बरा आहे.
पाचव्या ओळीत हे काही लिहिलेलं नव्हतं.
थोडा विचार केला,
आणि किल्लीच त्याला देऊन टाकली.

सकाळी जाऊन सही केली, मराठीत.
रय्याने विचारलं, हे काय लिहिलंय?
माझं नाव, म्हटलं. पूर्ण.

अर्ज बलदियेत आहे. शिक्का मिळाला, नंबर मिळाला,
उत्तर नाही.
शाईच्या खिशाचा डिशदाशा दर गुरुवारी येतो,
डाग निघतो, पुढच्या गुरुवारी परत येतो.
कुन्हमूने साडेबाराला शटर ओढायला सुरुवात केली,
समोरच्याने नाही केली.
आणि माझ्याकडे, गिऱ्हाइकाचं बटण तुटलं
की मला खिमलालला हाक मारावी लागते.